कोंडाळं करून बसा : फिडल-बँजोवाल्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी ओल्ड टाइम स्ट्रिंग बँडबद्दल थोडंसं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरातलं ते जुनं गावाकडचं संगीत, फिडल, पाच तारांचा बँजो, गिटार, असेल तर मँडोलिन आणि उभा मोठा बेस, कोणाच्या तरी घरी सामान बाजूला सरकवून लोक नाचायचे त्यासाठी वाजवलेलं. मला वाटलं दोन-तीन पत्रं येतील फार तर, पण डोंबिवलीपासून गिरगावपर्यंत एवढे जण हे वाजवतायत किंवा वाजवायला बघतायत हे वाचून मला इतका आनंद झालाय की काय सांगू. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, ज्याचा बाकीच्यांनाही उपयोग होईल ती पत्रं घेतलीयेत.

ताई, आम्ही डोंबिवलीचे पाच मित्र, कॉलेजपासूनचे. एक फिडल, दोन गिटार, एक मँडोलिन आणि मी बँजो. दर रविवारी एकाच्या हॉलमध्ये बसतो पण नुसता गोंगाट होतो. एक गिटारवाला आधी रॉक बँडमध्ये होता, तो मध्येच सोलो घेतो. दुसरा अगदी नवीन आहे, त्याच्यामुळे सगळे अडखळतात, म्हणून बाकीच्यांचं म्हणणं की त्याला थोडे महिने येऊ नको सांगूया. मला ते पटत नाहीये. काय करू?

नाही पटत ना, मग ऐकू नकोस त्यांचं, आणि त्याला येऊ नको असं अजिबात सांगू नका. घरी एकट्याने बसून हे संगीत येत नाही रे, फार तर बोटं तयार होतील, पण ताल अंगात शिरायला चार जणांच्या मध्येच बसावं लागतं.

आधी गोंगाटाचं बघू. या ट्यूनचे दोन भाग असतात, पहिला दोनदा, दुसरा दोनदा, सगळं मिळून ३२ बार (बार म्हणजे तालाचा एक छोटा तुकडा), आणि मग परत पहिल्यापासून, आणि परत, आणि परत. दहा-पंधरा वेळा सहज. आपल्याकडे भजनात एकच चरण घोळवतात ना, घोळवता घोळवता पाचव्या-सहाव्या वेळी तो सगळ्यांच्या गळ्यात सारखा बसतो, अगदी तसंच. तुम्ही बहुतेक तीनदा वाजवून पुढच्या ट्यूनवर जात असणार, म्हणजे जमायला लागतं तेव्हाच सोडून देताय. पुढच्या रविवारी एकच ट्यून घ्या आणि अर्धा तास तीच वाजवा, मध्ये थांबून चर्चा नाही, चुकलं तर पुढच्या फेरीत पकडायचं.

फिडलवाला तुमचा बुवा. तो चाल धरतो, बाकी सगळे त्याच्या खाली. फिडल ऐकू येत नसेल तर आपला आवाज जास्त आहे असं प्रत्येकाने समजायचं, आणि बँजोवाल्याने तर आधी समजायचं (मी पण बँजोच वाजवते, म्हणून हक्काने सांगते). थांबायचं कसं तर ज्याने ट्यून सुरू केली तो शेवटच्या फेरीत पाय वर उचलतो, हीच खूण.

सोलोवाल्या मित्राला रागवू नका, त्याला हे नीट कोणी सांगितलंच नसेल. सोलोची ती पद्धत ब्लूग्रासमधली, तिथे एकेक जण पुढे येऊन आपली करामत दाखवतो. ब्लूग्रासही याच मुळातून आलं, पण १९४५ च्या शेवटी बिल मनरोच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवायची आपली तऱ्हा घेऊन आला आणि मग ते स्टेजवरचं, माइकसमोरचं संगीत झालं. ओल्ड टाइममध्ये सोलो नाही. सगळे एकत्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुमच्या मित्राचा हात तयार आहे तर त्याला खरं अवघड काम द्या, खालच्या तारेवर एक सूर आणि मग स्ट्रम, धा-चक धा-चक, अजिबात न धावता, आणि एका कॉर्डवरून (म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांच्या जुडीवरून) दुसऱ्यावर जाताना बेसच्या तारांवरून तीन-चार सुरांची वाट बांधायची. ते सुंदर जमलं की बाकीच्यांना एकदम पायाखाली जमीन आल्यासारखं वाटतं.

आणि नवीन मित्राला या सोलोवाल्याच्या अगदी समोर बसवा, शेजारी नाही. समोर बसला की डाव्या हाताची बोटं दिसतात, कॉर्ड कधी बदलला ते कळतं. डी सुरातल्या ट्यूनला बहुतेक वेळा डी, जी, ए एवढे तीनच कॉर्ड लागतात. हळू वाजवू दे त्याला, कॉर्ड चुकला तर तारांवर हात ठेवून नुसता ताल धरू दे.

आमच्यात एक जण असाच आला होता, दादरला आमच्या बैठकीत. सहा महिने तो बेसवर दोनच सूर वाजवायचा, तेही डोळे गच्च मिटून, आणि त्याचा अंगठा तारेवर इतका जोरात दाबलेला असायचा की नखाखाली पांढरं पडायचं. आम्ही कोणी काही बोललो नाही. मग एका रविवारी, पाऊस होता, एका ट्यूनच्या आठव्या का नवव्या फेरीला त्याने डोळे उघडले आणि फिडलवाल्याच्या गजाकडे बघायला लागला, आणि त्याच क्षणी बेस एकदम गजाच्या खाली जाऊन बसला. कोणी थांबलं नाही, पण सगळ्यांना कळलं. आज तो नसेल तर आम्हाला वाजवायला नको वाटतं.

टॉमी जॅरल नावाचे एक थोर फिडल आणि बँजोवाले होते नॉर्थ कॅरोलायनात, १९०१ चा जन्म. आयुष्यभर रस्ते खात्यात ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवलं, १९६६ ला रिटायर झाले, आणि त्यानंतर लांबलांबून पोरं त्यांच्या घरी यायची, राहायची, जेवायची, समोर बसून शिकायची. आज जगभर जे हे संगीत वाजवतात त्यातल्या कितीतरी जणांची वाट त्या घरातून गेलेली आहे, आणि तिथे येणारी पोरं काही सगळी तयार हाताची नव्हती.

एक राहिलं, सोफ्यावर बसू नका. बिनहाताच्या खुर्च्या किंवा प्लास्टिकची स्टुलं घ्या आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ कोंडाळं करा. मुंबईत जागा लहान आहे हे इथे आपल्या पथ्यावर पडतं.

ताई, माझे बाबा लालबागला बेंजो पार्टीत वाजवायचे, गणपतीत त्यांना उसंत नसायची. त्यांचा बेंजो आणि तुम्ही लिहिता तो बँजो एकच का? मित्र गिटार आणि व्हायोलिन वाजवतात, मी बाबांचा बेंजो घेऊन त्यांच्यात बसू का?

नाव एक, वाद्यं अगदी वेगळी, आणि दोघांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बाबांचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, लाकडी पेटीवर तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. त्याचं मूळ जपानी, ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयाला तयार झालं, तिथून आपल्याकडे आलं आणि मुंबईच्या मिरवणुकांनी त्याला पिकअप लावून, मागे ढोल-ताशा घेऊन असं काही आपलंसं केलं की आज बेंजो म्हटलं की आपल्याला तोच आठवतो.

अमेरिकन बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत. गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर चामडं ताणून, दांडी लावून ते वाद्य तिकडे परत घडवलं. सेनेगल-गांबियाच्या भागात अकोंटिंग नावाचं वाद्य आजही वाजतं, त्यात नखाने खाली आघात आणि अंगठ्याने आखूड तार, ही हाताची पद्धत बँजोच्या क्लॉहॅमर पद्धतीशी इतकी जुळते की बघताना अंगावर काटा येतो. बँजोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी पाचव्या पडद्यापाशी दांडीच्या कडेला, आणि तिच्यावर सूर बदलत नाहीत, ती आपली मध्ये मध्ये वाजत राहते. सतारीच्या चिकारीसारखी म्हण ना.

आणि हो, जरूर बस मित्रांमध्ये! बेंजोवर चाल छान ऐकू येते आणि घोषाच्या, म्हणजे एकच सूर धरून वाजत राहणाऱ्या, तारा पण असतात. फक्त दोन गोष्टी कर, त्या घोषाच्या तारा ट्यूनच्या सा ला लावून घे, नाहीतर सतत काहीतरी खुपत राहील, आणि अ‍ॅम्प्लिफायर घरी ठेव. बाबांना पण एखाद्या रविवारी घेऊन जा. एवढी वर्षं मिरवणुकीत चालत वाजवलेल्या माणसाचा ताल तुमच्या सगळ्यांपेक्षा पक्का असणार.

मी गिरगावात राहते, आठ वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकतेय. मैत्रिणींबरोबर फिडल वाजवावंसं वाटतं पण हात बिघडेल का, आणि बसून वाजवायची सवय आहे ती बदलावी लागेल का?

सवय बदलू नकोस. डोंगरातले कितीतरी जुने फिडलवाले व्हायोलिन हनुवटीखाली धरायचेच नाहीत, छातीला किंवा दंडाला टेकवून वाजवायचे. व्हायोलिन आणि फिडल हे एकच वाद्य, वाजवायची तऱ्हा वेगळी.

तुला एक गंमत सांगते जी कळल्यावर मी दोन दिवस त्याच आनंदात होते. पाश्चात्त्य व्हायोलिन जी-डी-ए-ई असं लावतात. पण ए सुरातल्या जुन्या ट्यूनसाठी डोंगरातले लोक खालच्या दोन तारा चढवून ए-ई-ए-ई असं लावतात. ए ला सा धर आणि बघ काय झालं, सा-प-सा-प! म्हणजे षड्ज-पंचमाची जोडी, जी तुझ्या कानात आठ वर्षं घुमतेय. दोन तारांवर एकदम गज फिरवायचा, एकीवर चाल आणि दुसरीवर सूर धरलेला. बऱ्याच ट्यूनमध्ये नी कोमल लागतो, खमाज थाटासारखा, काहींत ग आणि नी दोन्ही कोमल, म्हणजे काफी. त्यामुळे चाली तुला परक्या वाटणार नाहीत. (तारा एकदम चढवू नकोस हं, हळूहळू, आणि घोडी सरळ उभी आहे ना ते बघत.)

अवघड जाईल ते वेगळंच. आपल्याकडे सगळी नजाकत डाव्या हातात, मींड, गमक, सुरावर रेंगाळणं. इथे डावा हात साधा आणि सगळा जीव गजात. गज आखूड, एक लांब दोन छोटे, एक लांब दोन छोटे, केरव्यासारखी ती चाल मनगटात बसली पाहिजे कारण त्यावर लोकांचे पाय पडायचे. पहिले काही आठवडे चाल सोड आणि दोन मोकळ्या तारांवर नुसता हा गज घोट. मैत्रिणी चाल वाजवतील, तू हा ताल दे, तेवढ्यानेही बैठक उभी राहते.

हात बिघडायचं म्हणशील तर रियाज आधी आणि फिडल नंतर, एवढं पाळ. आणि गुरुजींना सांगून कर, लपवून नको. एकदा त्यांच्यासमोर ते सा-प-सा-प लावून वाजवून दाखव.

बोरिवलीला सोसायटीत तक्रार झाली, बँजोचा आवाज फार होतो म्हणतात. रविवारी दुपारीच वाजवतो तरी.

बँजोचा आवाज खरंच टोकदार असतो, शेजाऱ्यांची चूक नाही. बँजोच्या पाठीमागे आत जी दांडी असते तिच्या आणि चामड्याच्या मध्ये एक जुना मोजा किंवा छोटा नॅपकिन हलकेच कोंबा, आवाज निम्म्यावर येतो आणि गोलही होतो, मला तर तो जास्त आवडतो. फिडलला रबरी म्यूट. खिडक्या लावा, भिंतीला लागून बसू नका. नियम बघाल तर रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण नियमाचा कागद घेऊन कमिटीकडे जाण्याआधी तक्रार करणाऱ्यांना एकदा चहाला बोलवा आणि दोन ट्यून ऐकवा, आमच्या बाबतीत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर वेळ बदलून संध्याकाळची मागितली कारण दुपारी त्यांना झोप लागायची आणि त्यांना ऐकायचं होतं.

पावसाळ्यात बँजो सारखा उतरतो आणि फिडलमधून घर्र असा आवाज येतो. शिवाय बँजोच्या तारा मिळत नाहीत. – वसईहून एक वाचक

बँजोवर खरं चामडं असेल तर तो ढोलकीसारखाच वागणार, जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट, चामडं सैल पडतं, सूर उतरतात. कडेचे नट थोडे थोडे, समोरासमोरचे, आवळा. पण ऑक्टोबरची उष्णता लागली की आठवणीने परत सैल करा, नाहीतर सुकताना चामडं फाटतं. एवढं सांभाळणं जमणार नसेल तर प्लास्टिकचं हेड टाका, आपल्या हवेला तेच बरं.

फिडलमधला घर्र म्हणजे बहुतेक कडेचा जोड सुटलाय. बोटाने कडेकडेने टकटक करत जा, जिथे आवाज पोकळ किंवा फुटका येईल तिथे. घाबरू नका, तो जोड मुद्दाम सरसाने चिकटवलेला असतो, दमट हवेत लाकूड फुगलं की आधी जोड सुटावा आणि लाकूड चिरू नये म्हणून. फक्त माझी कळकळीची विनंती आहे, फेविकॉल लावू नका आणि लावू देऊ नका. माझ्या फिडलला एका दुरुस्तीवाल्याने पांढरा गोंद भरला होता, तो खरवडून काढायला दुसऱ्या कारागिराला तीन महिने लागले आणि कडेचं वार्निश गेलं ते गेलंच. सरस वापरणारा माणूसच शोधा, धोबी तलावला वाद्यांच्या दुकानांत चौकशी केलीत तर कळेल. वाद्य बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

तारांचं सोपं आहे. बँजोची पहिली आणि पाचवी दोन्ही साधारण .०१० च्या, म्हणजे गिटारची हलक्या सेटमधली पहिली तार चालते. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, तो पकडीने हळूच दाबून फोडला की मागे फास उरतो, तो बँजोच्या हुकात अडकवायचा. डोळ्यांवर चष्मा घालून करा हे.

मुलुंडहून लिहितोय. आपलं एवढं लोकसंगीत असताना परक्या खेड्यातलं संगीत आपण का वाजवायचं? रागावू नका.

रागावत नाही, मी स्वतःला हे विचारलेलं आहे. माझ्या आजोबांकडे एकतारी होती, घरी वारकरी भजन होतं, आणि ते मला बँजोमुळे परत सापडलं. बँजोची पाचवी तार ऐकताना पहिल्यांदा जाणवलं की एकतारी काय करत होती. त्यामुळे एक घेतलं म्हणून दुसरं सुटतं असं मला वाटत नाही, आमच्या बैठकीत शेवटी एक अभंग असतोच.

पण दुसऱ्याचं घेतो तेव्हा ते कोणाचं आहे हे माहीत असलं पाहिजे, हे मात्र मी फार मानते. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी बाजारासाठी वाटण्या केल्या, काळ्यांनी ब्लूज गायचा आणि गोऱ्यांनी फिडल वाजवायचं, त्यामुळे काळ्या स्ट्रिंग बँडची रेकॉर्डिंग फार थोडी झाली आणि लोकांना वाटायला लागलं की हे फक्त गोऱ्या लोकांचं संगीत आहे, जेव्हा की बँजो आणलाच आफ्रिकनांनी. नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्प्सन म्हणून एक काळे फिडलवाले होते, चुलतभाऊ ओडेल बँजोवर. ओडेल १९९४ ला गेले. मग २००५ मध्ये तीन तरुण काळे कलाकार जो यांच्या घरी जाऊन समोर बसून शिकायला लागले, त्यांचा बँड झाला कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स, आणि २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. जो २०१२ ला गेले, ९३ वर्षांचे होते. शिकायला कोणी आलंच नसतं तर त्या घरातल्या चाली त्यांच्याबरोबर गेल्या असत्या. आम्ही जो यांच्याकडची एखादी ट्यून घेतली की वाजवण्याआधी त्यांचं नाव घेतो, दर वेळी, नवीन कोणी बसलेलं असो नसो.

वय ६३, पार्ल्यात राहतो, बँकेतून निवृत्त. मुलाने बँजो आणून दिलाय. या वयात जमेल का, आणि बरोबर वाजवायला फक्त एक शेजारी आहे, तो व्हायोलिन वाजवतो.

काका, फक्त एक म्हणू नका! गिटार डोंगरात पोचण्याआधी फिडल आणि बँजो हाच सगळा बँड होता, दोन माणसं, त्यावर अख्खं घर नाचायचं. तुमच्या शेजारी आणि तुमच्यात एक भिंत आहे एवढंच.

पहिले दोन महिने डावा हात विसरा. उजव्या हाताची मूठ सैल, पहिल्या बोटाच्या नखाने एक तार खाली, मग सगळ्या तारांवर खाली, मग अंगठा पाचव्या तारेवर. धूम, चक-टि. धूम, चक-टि. अंगठा दर वेळी पाचव्या तारेवर येऊन टेकलाच पाहिजे, वाजवा अथवा नका वाजवू. बोटं कडक वाटली तर सकाळी कोमट पाण्यात हात धरून मग बसा, आणि दिवसातून पंधरा मिनिटं पण रोज. तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांना बोलवा, त्यांना म्हणावं येईल ती चाल हळू वाजवा, आणि तुम्ही खाली एवढंच वाजवत राहा. नख तुटलं तर थांबू नका, मधल्या बोटाने चालतं.